पलंग अधिक वीट

माणसाचं स्वातंत्र्य मोजता येतं, असं माझं मत आहे. या विषयावर थोरामोठ्यांनी जाडजाड ग्रंथ लिहिले, त्यातले बरेच मी वाचलेही, पण नेमकं माप एकानेही दिलेलं नाही. आमच्या घरी मी ते टेपने मोजलं. तेवीस इंच भरलं. वीस इंच पलंग, आणि त्याच्या प्रत्येक पायाखाली घातलेली तीन इंचांची एक वीट.

आईचे गुडघे गेल्यापासून हे माप कायम आहे. बसायची जागा याहून खाली असली तर तिला उठवायला कुणाचा तरी हात लागतो, आणि वर असली तर बसवायला लागतो. तेवीस इंचांवर ती स्वतः बसते, स्वतः उठते. कुणी हात पुढे केलाच तर त्या हाताकडे अशी पाहते की तो मुकाट्याने मागे जातो. मी बत्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात जमिनी मोजल्या. दोन शेतांमधला धुरा वीतभर सरकला म्हणून सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला न गेलेले पाहिले आहेत. त्यामुळे इंचाला मी हलकं समजत नाही.

आईची धाकटी बहीण नेरला असते. यवतमाळहून नेर म्हणजे तासाभराचा रस्ता. दोघींची दोन वर्षांत भेट नव्हती. रोज चार वाजता फोन व्हायचा, आणि दोघींनाही कमी ऐकू येत असल्यामुळे तो फोन नसता तरी चाललं असतं, असं शेजारी म्हणायचे. मावशीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिला घर सोडता येत नव्हतं. जायचं तर आईनेच जायला हवं होतं.

शेवटचं गेलो ते बसने. बसची पहिली पायरी आईच्या मांडीला लागत होती. कंडक्टर सज्जन होता, फक्त घाईत होता. त्याने एका बखोटीला धरलं, एका प्रवाशाने दुसऱ्या, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "हं, चढवा गठाण."

कापसाच्या जिल्ह्यात गठाण कशी चढवतात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बस हसली. आई नेर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. घरी परतल्यावर म्हणाली, "मी काय गठाण होय काय? आता मी कुठीच नाही जात."

नंतर चुलतभाऊ आपली मोठी गाडी घेऊन आला. ती बसपेक्षा फार वेगळी नव्हती. आईने दारात उभं राहून गाडीच्या सीटकडे खालून वर पाहिलं आणि आत जाऊन पलंगावर बसली. भाड्याच्या गाड्या सगळ्या त्याच जातीच्या, उंच. ऑटोत तिला दांडा धरून बसता येतं, पण ऑटोने नेरपर्यंत जायचं म्हणजे उरलेसुरले गुडघेही रस्त्यातच ठेवून यायचे. तेव्हा गाडी घ्यायची ठरली. माझी अट एकच होती. आईला तिच्यात स्वतः चढता आलं पाहिजे आणि स्वतः उतरता आलं पाहिजे.

दसऱ्याला पंधरा-वीस दिवस होते. शोरूम म्हणजे काचेची इमारत, दारात दोन खोटी झाडं, आत इतकी थंडी की बाहेरच्या उन्हाबद्दल माणसाला आपुलकी वाटावी. टाय लावलेला एक विक्रेता धावत आला. त्याने मला पाणी दिलं, कॉफी विचारली, आणि मग मुद्द्यावर आला.

"सर, बजेट काय आहे आपलं?"

"सीटची उंची किती आहे?"

"सर, ग्राउंड क्लिअरन्स एकदम मस्त भेटते यात."

"तो गाडीच्या पोटाचा झाला. माणूस बसतो ती जागा जमिनीपासून किती वर आहे?"

त्याने पुस्तिका उघडली. पुस्तिकेत गाडीची लांबी होती, रुंदी होती, वळायला किती जागा लागते ते होतं, डिकीत किती लिटर मावतं ते होतं. डिकीत लिटरने काय भरायचं असतं हे मला अजून कळलेलं नाही. आठ रंगांची नावं होती, त्यातल्या तीन रंगांना आपण पांढरा म्हणतो. माणूस जिथे बसतो त्या जागेची उंची नव्हती. मी सगळ्या पुस्तिका चाळल्या. एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनिअर, आणि गाडीत माणूस बसणार आहे ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नव्हती.

"सर, सनरूफ आहे यात," विक्रेता म्हणाला.

मी खिशातून टेप काढला आणि फरशीवर एक गुडघा टेकला. पहिली गाडी अठ्ठावीस इंच. दुसरी सव्वीस. विक्रेता माझ्यामागून फिरत होता. "सर, आपण इंटेरियरचं काम करता का?" त्याने अदबीने विचारलं.

सगळ्यात लहान गाडी शोरूमच्या मधोमध होती. लाकडी चबुतरा, त्यावर लाल गालिचा, त्यावर ती गाडी, आणि तिच्यावर वरून दिव्यांचा झोत. लग्नात नवरदेवाला बसवतात तशी. मी चबुतऱ्यावर चढून मोजलं. चबुतऱ्यापासून सीट तेवीस इंच. पुन्हा मोजलं. तेवीस.

"ही पाहिजे," मी म्हणालो.

विक्रेत्याचा चेहरा पडला. "सर, हे नवीन मॉडेल आहे, चांगलं आहे, पण आपल्या स्टेटसला थोडी छोटी होईल."

त्याची माझी ओळख वीस मिनिटांची होती, आणि तेवढ्यात त्याला माझा दर्जा कळला होता. मला तो साठ वर्षांत कळला नाही.

मग मॅनेजरच्या काचेच्या खोलीत भावाची बोलणी. मॅनेजरच्या बोटांत तीन अंगठ्या, मागे भिंतीवर त्यालाच पुरस्कार देतानाचे तीन फोटो. त्याने छापील कागद पुढे सरकवला. गाडीची किंमत वर एका ओळीत होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत एक वेगळंच गाव वसलं होतं. मडफ्लॅप, सीटकव्हर, सुगंधाची बाटली. त्याखाली 'डिलिव्हरी सोहळा': केक, पुठ्ठ्याची चार फुटी चावी, फ्रेमसह फोटो, पूजेचं ताट, नारळ, चार लिंबं, गुरुजींची दक्षिणा.

"आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात पूजा नाही," मी म्हणालो. "हे काढा."

"सर, पूजा नका करू. आमची काही जबरदस्ती नाही. फक्त चार्जेस राहतील."

"म्हणजे पूजा न करण्याचे पैसे?"

"पॅकेज आहे सर. सगळ्यांना सेम."

"केक, चावी, फोटोही नको."

"सर, सिस्टीममध्ये निघत नाही."

त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला, जणू त्यात कुणी बसलं होतं आणि मी त्यालाच विचारावं. माझ्या नोकरीत सातबाऱ्यावरून जिवंत माणसांची नावं निघालेली मी पाहिली आहेत. नकाशातून पांदण रस्ते निघाले, एका गावचा नाला निघाला. पण कागदावरची चार लिंबं निघत नव्हती. मी वाद घातला. तो कॅल्क्युलेटरवर आकडा काढून माझ्याकडे फिरवायचा, मी माझा आकडा काढून त्याच्याकडे फिरवायचो. तासाभराने तो म्हणाला की माझ्यासाठी म्हणून, खास केस म्हणून, घरातली गोष्ट म्हणून, तो मडफ्लॅप फुकट देईल.

आणि मी हो म्हणालो. हे लिहायला मला लाज वाटते. जन्मभर लोकांना अन्यायाविरुद्ध अर्ज लिहून दिले, आणि न होणाऱ्या पूजेची दक्षिणा कबूल करून आलो. चार वाजता घरी फोन वाजत असेल, एवढंच डोक्यात होतं. अट मात्र घातली: आई एकदा गाडीत बसून पाहील, मगच पैसे भरीन.

"बिनधास्त आणा माताजींना," मॅनेजर म्हणाला.

रविवारी मी आईला ऑटोने घेऊन गेलो. तिने ठेवणीतलं पांढरं पातळ नेसलं होतं. काठी टेकत ती काचेच्या दारातून आत आली, गाडीपर्यंत गेली आणि थांबली. चबुतरा आठ इंच उंच होता. मी त्या दिवशी दोनदा मोजलं होतं, दोन्ही वेळा चबुतऱ्यावर उभं राहून. जमीन मोजणाऱ्याने जमीन विसरायची, असं ते झालं.

आईने चबुतऱ्याकडे पाहिलं. "हे काहून चढवून ठेवली? पुराचं पाणी येते का इथं?"

मॅनेजर हसत आला. "माताजी, दसऱ्याला आमच्या इथं हिच्या लाँचिंगचा कार्यक्रम आहे. आमदार साहेब येणार आहेत."

"खाली घ्या जरा," मी म्हणालो. "पाच मिनिटं."

"सर, डिस्प्लेची गाडी हलवायला नागपूरची परवानगी लागते."

"मग दुसरी दाखवा. हेच मॉडेल, जमिनीवर उभं असलेलं."

"गोडाऊनला आहेत सर. बुकिंग झाल्याशिवाय उघडता येत नाही."

"आणि बसून पाहिल्याशिवाय मी बुकिंग करणार नाही."

"बरोबर आहे सर तुमचं," मॅनेजर म्हणाला. त्या माणसाचं हे एक होतं, तो कधी नाही म्हणत नसे. मी विचारलं, गाडी वर चढवलीत ती उतार लावूनच चढवली ना, तो उतार आणा. तो म्हणाला उतारही नागपूरहून येतो. मग त्याला एकाएकी सुचलं. त्याने टाळी वाजवली.

"टेन्शन कायचं घेता सर! आम्ही चौघं आहोत न. माताजींना अलगद उचलून बसवतो. फोटोही काढू."

टायवाला आणि आणखी दोघे बाह्या सावरत पुढे आले. आई त्यांच्याकडे एकेक करून पाहत होती. मग म्हणाली, "मले उचलायचं तं एकदाच हाय, बाप्पा. त्यालेही चारच लागतेत. पण आज नाही."

आई वळली आणि आपल्या चालीने दाराकडे निघाली. तिला दारापर्यंत पोचायला बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी मॅनेजरशी बोललो. काय बोललो ते इथे देत नाही, कारण आवाजाच्या मानाने त्यात मुद्दे कमी होते. आमदाराला बसता यावं म्हणून गाडी आठ इंच वर ठेवता आणि जिला ती घ्यायची आहे तिला खाली उभं करता, असा एक मुद्दा होता. बाकी लिंबांविषयी होतं.

ऑटोवाला बाहेर थांबला होता. आमच्या दोघांचे चेहरे पाहून त्याने आधी ऑटो सुरू केला आणि मग विचारलं. ऐकून म्हणाला, "काकाजी, याच कंपनीचं दुसरं दुकान निंघालं न लोहाऱ्याले. तिथं गाड्या मातीतच उभ्या असतेत."

"चाल मंग तिकडंच," आई म्हणाली.

लोहाऱ्याला एमआयडीसीच्या कडेला टिनाचं एक लांबलचक शेड होतं. ना काच, ना झाडं. पंख्याखाली टेबल आणि टेबलामागे चाळिशीतली एक बाई डबा खात होती. दुकान तीच चालवत होती. मी लहान गाडीचं नाव सांगितलं.

"ते पाहा, तिसरी," ती पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाली. "उघडीच आहे."

ती उठली नाही, हे मला फार आवडलं. मी टेप लावला. जमीन मुरमाची, वरखाली होती, साडेतेवीस भरलं. आईने काठी माझ्याकडे दिली. एक हात दारावर ठेवला, दुसरा छताच्या कडेला. पाठमोरी झाली आणि टेकली. मग आपल्याच हाताने एक पाय उचलून आत घेतला. दुसरा घेतला. समोर पाहिलं.

"हं," म्हणाली.

उतरली. पुन्हा बसली. असं चार वेळा केलं. मी दोन हात लांब, काठी धरून उभा होतो. चौथ्या वेळी बाईने जेवतजेवत विचारलं, "आजी, पाठीले बरी लागते काय?"

"पाठीले बरी हाय. शिटावर हे पन्नी कायले ठेवली वं? घसरते."

बाईने डबा झाकला, हात धुतले, येऊन सीटवरचं प्लास्टिक दोन्ही हातांनी टराटरा फाडून काढलं. "बसा आता." मी म्हणालो, अहो, अजून आम्ही घेतली नाही. ती म्हणाली, "न्या का नेऊ नका. म्हातारं माणूस पडलं असतं तर?"

भाव आईने केला. "काय लावतं वं हिचं?"

"भाव कंपनीचाच आहे, आजी. मी काही लावत नाही."

"काही तं कमी कर."

"माह्या हातात असतं तर केलं असतं. विमा तुम्ही बाहेरून काढा, थोडं वाचंल."

मी कागद मागितला. त्यावर गाडी होती, सरकारचा कर होता, नोंदणी होती आणि खाली कोरी जागा होती. मला विश्वास बसेना. "लिंबं नाहीत?" मी विचारलं.

"कायची लिंबं?"

मी तिथेच पैसे भरले.

दुसऱ्या दिवशी शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला. त्याला कसं कळलं माहीत नाही, पण त्याचा आवाज दुखावलेला होता. "सर, हे बरोबर नाही केलं तुम्ही. गाडी आम्ही दाखवली, कॉफी आमची घेतली, आणि घेतली तिकडून. सेम गाडी, सर! सेम कंपनी!"

"चबुतरा वेगळा होता," मी म्हणालो.

"सर, अजून बुकिंग कॅन्सल होते. मी पर्सनली पाहतो. ॲक्सेसरीज काढतो. केक काढतो. पूजेचं सगळं काढून देतो, नारळ, लिंबं, सगळं."

मी खुर्चीत सरळ बसलो. "सिस्टीममधून निघते का ते?"

"तुमच्यासाठी काढतो न सर."

आजवर मला पुष्कळ लोकांनी फसवलं आहे आणि मी ते विसरलोही आहे. हे मात्र विसरायला तयार नाही. लिंबं निघत होती. पहिल्या दिवसापासून निघत होती. ज्याने मान खाली घालून हो म्हटलं त्याच्या कागदावर ती राहत होती, आणि जो उठून गेला त्याच्या कागदावरून निघत होती. त्या काचेच्या खोलीत माझ्याआधी किती जण हो म्हणून आले असतील! कुणी नेरहून, कुणी बाभुळगावहून, लेकरांना नवे कपडे घालून, पुठ्ठ्याची चावी छातीशी धरून फोटोत हसले असतील. तो फोटो त्यांच्या बैठकीत लागलेला असेल आणि पाहुण्यांना दाखवताना ते म्हणत असतील, फुकट दिला शोरूमवाल्यांनी. मी फोन ठेवला. आईने विचारलं काय झालं, तर म्हणालो लिंबं. तिने सरबत केलं.

गाडी आठवड्याने मिळाली. लोहाऱ्याच्या बाईने टेबलावरून किल्ली सरकवली आणि खणातून एक नारळ काढला. "हे आमच्याकडून. कोणी फोडते, कोणी नाही फोडत. तुमची मर्जी."

"आण इकडं," आई म्हणाली. "चटणी होते."

आणि मग आम्ही नेरला निघालो. आई पुढच्या सीटवर, स्वतः बसलेली. गल्लीतल्या लोकांना ती बसताना दिसावी म्हणून मी गाडी मुद्दाम रस्त्यावर काढून ठेवली होती, हे कबूल करतो. बसस्टँडवरून जाताना नेरची बस लागलेली होती आणि माणसं चढत होती. आईने काच खाली केली आणि बस मागे पडेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिली. बाकी रस्ताभर ती माझ्या चालवण्याला नावं ठेवत होती.

मावशी दारातच उभी होती. आई दार उघडून पाय बाहेर काढणार, तोच मावशी ओरडली, "उतरू नोको वं! थांब!"

"काहून?"

"बसशीन कुठी? आमची खाट तं पाह्य, भुईले टेकली. बसशीन तं उठशीन कशी? तुहा पोरगा चौघं बोलवीन मंग उचलाले."

मी आत जाऊन टेप लावला. सतरा इंच. घरात दुसरं काही नव्हतं, एक प्लास्टिकची खुर्ची होती आणि ती त्याहून खाली होती. आईला इथवर स्वतःच्या पायांनी आणायचं म्हणून मी चार गाड्या, एक चबुतरा आणि मुरमाचं एक अंगण मोजलं होतं. जिथे आणायचं होतं तिथली खाट मोजायचं राहिलं होतं.

मी गाडीशी परत आलो तेव्हा मावशी दुसऱ्या बाजूचं दार उघडून माझ्या जागेवर बसली होती. तिनेही पाय हाताने उचलून आत घेतले होते. स्टीअरिंग तिच्या पोटाला लागत होतं. दोघी एकमेकींचे हात धरून समोरच्या काचेतून बाहेर पाहत होत्या आणि फोनवर बोलायच्या त्याच आवाजात बोलत होत्या. आधी थोडं रडल्या. मग मावशी म्हणाली, "बरी हाय वं गाडी. शिट बेस हाय." आई म्हणाली, "तेवीस इंच हाय."

चहा खिडकीतून दिला. जेवणाची ताटंही खिडकीतूनच गेली, चटणी त्याच नारळाची होती. मावशी मधूनमधून उठून नवऱ्याला पाहून यायची आणि पुन्हा येऊन बसायची. मी चार तास अंगणातल्या कडुलिंबाखाली त्या सतरा इंची खाटेवर पडून होतो. संध्याकाळी मावशीने जागा सोडली आणि आम्ही निघालो. आई घरी येईपर्यंत गाडीतून उतरली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा नेरला गेलो तेव्हा डिकीत आठ विटा होत्या.